सीटीची भीती आणि सीटीची हौस

'अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं द्या, मॅडम' असा संपादकांचा निरोप आला. मी हो म्हटलं, पण लिहायला बसले तेव्हा डोक्यात एकच विषय होता आणि तो काही हलका नाही. आमच्याकडे कोकणात नरक चतुर्दशीला पहाटे पायाखाली कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. हा लेख त्या कारिटासारखा समजा. एक थेंब कडू, पुढे सगळा अंक गोडच आहे. आणि तरुण मंडळींपैकी ज्यांना मराठी मजकूर वाचणं जड जातं, त्यांना आईबाबांनी हा वाचून दाखवावा. तो त्यांच्यासाठीही आहे.

माझ्या नावामागे 'डॉ.' आहे म्हणून इथे अल हैलमध्ये शेजाऱ्यांनी मला दोनतीनदा रक्तदाब बघायला बोलावलं आहे. तेव्हा आधीच सांगते, माझी डॉक्टरेट संख्याशास्त्रातली. पुण्याच्या एका महाविद्यालयात तीसहून जास्त वर्षं शिकवलं, निवृत्त झाले आणि आता आम्ही दोघं मुलाकडे अल हैल नॉर्थला असतो. संध्याकाळी समुद्रावर फेरी आणि नातीचं गणित, एवढाच माझा व्याप. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क नाही. पण धोके मोजणं आणि मोजून निर्णय घेणं हा माझा जन्मभराचा विषय. आणि नेमकी त्याच विषयात मी गेल्या वर्षी जानेवारीत नापास होता होता वाचले.

पाच दिवसांच्या गोळ्या

ह्यांच्या हृदयात २०१२ सालापासून धातूची झडप होती. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात, ह्यांना जन्मतः दोनच होत्या. शंभरात एखाद-दुसऱ्या माणसाचं असं असतं आणि साठी येईपर्यंत अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. झडप बदलल्यापासून रात्री सगळं शांत झालं की ह्यांच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू यायची. पहिल्या वर्षी मला त्या आवाजाने झोप लागत नसे. पुढे तो आला नाही तर झोप लागत नसे.

त्याआधीच्या दिवाळीला आम्ही पुण्याला गेलो होतो. तिथे ह्यांची एक दाढ काढली. दंतवैद्याला झडपेबद्दल सांगायचं आम्ही दोघंही विसरलो. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला दाढ काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यायचा असतो, हे आम्हाला शस्त्रक्रियेच्या वेळी सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. तो कागद फाइलमध्ये होता आणि फाइल कपाटात.

डिसेंबरच्या अखेरीस मस्कतला परतलो आणि ताप सुरू झाला. संध्याकाळी शंभर-एकशे एक, रात्री घाम फुटून उतरायचा. जेवण तुटलं. प्रवासाचा शीण, हवापालट, एसी अशी सगळी कारणं देऊन झाली. आणि मग मी दुसरी चूक केली. पुण्याहून येताना आपण मेतकूट आणि गोडा मसाला आणतो, त्याच बॅगेत औषधांचा एक डबा असतो. त्यातली अँटिबायोटिकची पट्टी काढून मी ह्यांना पाच दिवस गोळ्या दिल्या. ताप उतरला. मी खूश. आठवड्याने तो दुप्पट जोराने परत आला.

रुग्णालयात दाखल केलं तेव्हा तिथल्या तरुण ओमानी डॉक्टरबाईंनी झडपेचं ऐकताच पहिला प्रश्न विचारला, 'घरी काही अँटिबायोटिक दिलं होतं का?' मी मान हलवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्या मला आदराने 'मामा' म्हणायच्या. इकडे आईच्या वयाच्या बाईला तसं म्हणतात. भेटायला आलेल्या आमच्या नातीला त्याही परिस्थितीत हसू आवरेना.

आजार काय आहे

या आजाराला एन्डोकार्डायटिस म्हणतात, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा जंतुसंसर्ग. दातांतून, त्वचेवरच्या जखमेतून किंवा हाताला लावलेल्या सलाईनच्या सुईतून जंतू रक्तात शिरतात. धडधाकट हृदयातून ते बहुधा वाहून जातात. झडप खराब किंवा कृत्रिम असेल तर तिला चिकटतात, तिथे घर करतात आणि गुठळीसारखा पुंजका वाढू लागतो. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. झडप कुरतडली गेली तर हृदय निकामी. आणि जंतू झडपेच्या कडेच्या मांसात शिरले तर तिथे गळू होतं. आजही या आजाराने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण घरी परतत नाही. कृत्रिम झडप असेल तर हिशोब आणखी वाईट.

उपचार म्हणजे शिरेतून चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक आणि काहींना शस्त्रक्रिया. अँटिबायोटिक कोणतं, हे ठरतं रक्ताच्या कल्चरवरून. रक्तातले जंतू वाढवून त्यांची ओळख पटवायची. माझ्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी जंतू मेले नव्हते, पण इतके दबले होते की पहिली तिन्ही कल्चर कोरी आली. चोराचे ठसे मीच पुसून टाकले होते.

उरला इको. छातीवरून केलेल्या इकोत धातूच्या झडपेची सावली पडते, तिच्यामागचं दिसत नाही. मग अन्ननलिकेतून नळी घालून इको केला. त्यात झडपेच्या एका कडेला काहीतरी जाडसर वाटलं. गळू आहे की जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, हे सांगता येईना. डॉक्टरबाई म्हणाल्या, 'डाय देऊन हृदयाचा सीटी करू.'

दोन दिवसांची वादावादी

इथून आमच्या घरात दोन दिवस जे झालं ते वाचताना तुमच्यापैकी अनेकांना आपलंच घर आठवेल.

मुलगा तेलक्षेत्रात सुरक्षा विभागात आहे. पाइपलाइनचे जोड तपासायला गॅमा किरण वापरतात तेव्हा दोरी बांधून लोकांना लांब हाकलणं हे त्याचं काम. तो म्हणाला, 'एका सीटीत शेकडो एक्स-रे असतात. बाबांना कॅन्सर द्यायचा आहे का?' मुलगी न्यू जर्सीला. तिने रात्री तीन वाजता लेखांचा मारा सुरू केला. त्या डायने किडनी जाते, बाबांना मधुमेह आहे, क्रिएटिनिन आधीच वाढलंय. पुण्याहून दीर म्हणाले, 'तिथे काही करू नका, विमानात बसवा आणि इकडे घेऊन या.' फॅमिली ग्रुपवर सव्वाशे निरोप झाले. प्रत्येकाचं थोडंथोडं खरं होतं आणि त्या सगळ्यातून निर्णय काही होत नव्हता.

आणि मी? धोक्यांचं गणित शिकवण्यात आयुष्य घालवलेली मी डॉक्टरबाईंना विचारत बसले, 'धोका नक्की किती टक्के?'

तिसऱ्या सकाळी त्यांनी ईसीजीचे दोन कागद माझ्यापुढे ठेवले, कालचा आणि आजचा. हृदयाला ठोका देणारी विजेची वाट महाधमनीच्या झडपेला अगदी लागून जाते. आज त्या वाटेवर संदेश पोचायला कालच्यापेक्षा उशीर लागत होता. भिंतीतली ओल कुठवर आली हे कधीकधी दिव्याचं बटण कुरकुरायला लागलं की कळतं, तसंच हे. गळू असल्याची शंका बळावली होती. मग त्या म्हणाल्या, 'मामा, टक्के मी सांगते. पण आधी तुम्ही मला सांगा. आत गळू निघालं तर तुम्ही शस्त्रक्रियेला हो म्हणणार आहात का? काहीही निघालं तरी नाहीच म्हणणार असाल, तर मी हा सीटी करणार नाही.'

मला फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटलं. हेच तर मी एम.एस्सी.च्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. 'माहितीचं मोल' असं त्या धड्याचं नाव. जी माहिती तुमचा कुठलाच निर्णय बदलत नाही तिचं मोल शून्य, मग ती फुकट का मिळेना. आणि जी माहिती निर्णय फिरवते तिच्यासाठी किंमत मोजावी लागली तरी ती महाग नाही.

याचं एक दुःखद उदाहरण संगीताच्या इतिहासात आहे. थोर संगीतकार गुस्ताव माहलर १९११ साली न्यूयॉर्कमध्ये तापाने आजारी पडले. त्यांच्या रक्ताचं कल्चर केलं आणि त्यात जंतू सापडले. निदान अचूक होतं, आजार हाच. पण पेनिसिलिन यायला अजून तीस वर्षं होती. त्या अचूक माहितीने करण्यासारखं काहीच नव्हतं आणि मे महिन्यात व्हिएन्नात ते गेले. आपलं भाग्य असं की आज माहितीपाठोपाठ उपाय आहे. पण म्हणूनच माहिती मिळवायला उशीर करण्याची आपल्याला सबब नाही.

तागडीची दोन पारडी

आता टक्क्यांचं बघू. आधी किरणांचं.

जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग आपोआप मिळतो. छातीचा एक साधा एक्स-रे ०.०२ ते ०.१. हृदयाचा सीटी नव्या यंत्रावर साधारण २ ते ५. मात्र झडप उघडताना आणि मिटताना बघायची असेल तर ठोक्याच्या सगळ्या टप्प्यांची चित्रं घ्यावी लागतात, आणि मग मात्रा १० किंवा थोडी वरही जाते. 'शेकडो एक्स-रे' हे मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण शेकडो वेळा जवळजवळ काहीच नाही, म्हणजे किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने २००६ मध्ये मांडलेला अंदाज असा की १०० मिलिसिव्हर्ट मिळालेल्या शंभर माणसांपैकी एकाला त्यामुळे आयुष्यात कधीतरी कॅन्सर होईल, आणि इतर कारणांनी त्याच शंभरातल्या ४२ जणांना तो होणारच असतो. या हिशोबाने १० मिलिसिव्हर्टला हजारात एक. आणि हा सर्व वयांचा सरासरी आकडा आहे. किरणांनी होणारा कॅन्सर उगवायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. शहात्तरीच्या माणसाच्या बाबतीत तो हजारात एकपेक्षाही बराच खाली जातो.

दुसऱ्या पारड्यात काय होतं? पाचातला एक, किंवा त्याहून वाईट, आणि तोही पुढच्या काही आठवड्यांत.

मुलगी मात्र बरोबर होती. आम्ही किरणांवर भांडत बसलो आणि ह्यांच्या बाबतीत खरा विचार करण्याजोगा धोका किडनीचा होता. सीटीसाठी शिरेतून देतात त्या डायमध्ये आयोडीन असतं. दुबळ्या किडनीवर त्याचा भार पडू शकतो. त्यात याच आजाराची काही अँटिबायोटिक्स किडनीला जड, आणि आजार स्वतःही किडनीला मारतो. पण इथेही जुनी भीती आकड्यांपेक्षा मोठी आहे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनी या दोन्ही क्षेत्रांतल्या मुख्य संस्थांनी २०२० मध्ये एकत्र सांगितलं की डायचा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेला. खरी काळजी मुख्यतः ज्यांची किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, ३० च्या खाली आहे त्यांची. ह्यांचा ४१ होता. डॉक्टरबाईंनी मेटफॉर्मिन थांबवलं, शिरेतून पाणी दिलं, अँटिबायोटिक बदलून किडनीला सोसेल असं दिलं आणि डायची मात्रा कमीत कमी ठेवली. धोका नाही असं कुणीच म्हणालं नाही. धोका आहे, म्हणून ही तयारी, असं म्हणाले. मला हे जास्त विश्वासाचं वाटलं.

फायद्याच्या पारड्यात आणखी एक गोष्ट होती जी आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. शस्त्रक्रिया करायची तर आधी हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. एरवी त्यासाठी तार घालून अँजिओग्राफी करतात. पण महाधमनीच्या झडपेवर जंतूंचा पुंजका असेल तर त्याच्या शेजारून तार फिरवताना तुकडा सुटायची भीती. सीटीने त्या वाहिन्याही दिसतात, तार न घालता.

हे सगळं कुणा एका डॉक्टरचं मत नव्हे. १९९४ पासून या आजाराचं निदान ड्यूक निकषांनी करतात, आणि २०२३ मध्ये त्यांची जी सुधारित आवृत्ती आली तिच्यात इकोबरोबर सीटीलाही मुख्य पुराव्याचं स्थान मिळालं. त्याच वर्षीच्या युरोपियन हृदयरोग संस्थेच्या मार्गदर्शनातही, इकोने उलगडा होत नसेल आणि झडपेभोवती गळू वगैरेची शंका असेल तर सीटी करावा, अशी ठाम शिफारस आहे.

मी सही केली. सीटीत झडपेच्या कडेला गळू स्पष्ट दिसलं. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. क्रिएटिनिन १.६ वरून २.४ वर गेलं, त्या आठवड्यात आम्ही डायलिसिसच्या विचाराने झोपलो नाही, आणि मग दोन-अडीच आठवड्यांत ते हळूहळू खाली आलं. किंमत मोजावी लागली, हे मी लपवणार नाही. ते डायमुळे, शस्त्रक्रियेमुळे की आजारामुळे, हेही कुणी सांगू शकणार नाही. पण आम्ही वाया घालवलेले दोन दिवस हिशोबात कुठेच बसत नाहीत. ते कुठल्याही तपासणीपेक्षा धोक्याचे होते.

आणि हौसेचं काय?

आता दुसरी बाजू, आणि खरं तर याच्यासाठीच मी लिहायला बसले.

ह्याच मुलाने, ज्याने बाबांच्या सीटीला दोन दिवस अडवलं, त्याआधी दोन वर्षं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्हाला पुण्यात 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज भेट दिलं होतं. त्यात डोक्यापासून ओटीपोटापर्यंतचा सीटी होता. आम्हा दोघांना काहीही होत नव्हतं. तरी आम्ही सकाळी उपाशीपोटी, हौसेने, रांगेत उभे राहिलो. त्यात किरण हृदयाच्या सीटीपेक्षा कमी नक्कीच नव्हते. हातात काय आलं? माझ्या फुफ्फुसात एक बारीक ठिपका, ज्याच्यामागे पुढचं वर्षभर आणखी दोन सीटी झाले. शेवटी तो लहानपणीच्या कुठल्याशा जुन्या संसर्गाचा डाग निघाला. तेव्हा फॅमिली ग्रुपवर कुणी एकानेही किरणांचं नाव काढलं नाही. उलट सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

ही फक्त आमची गोष्ट नाही. सुट्टीत 'गावी' गेलं की आपण आंब्याच्या पेटीबरोबर तपासण्यांचं पॅकेजही उरकून येतो. पैसा आहे, वेळ थोडा आहे, आणि आईवडिलांपासून लांब राहिल्याची एक बोच आहे. ती बोच आपण स्कॅन विकत घेऊन शमवतो. काहीही लक्षण नसलेल्या माणसाचा सगळ्या शरीराचा सीटी काढून त्याला फायदा होतो, असा पुरावा नाही. अमेरिकेचं औषध प्रशासनही लोकांना हेच सांगत आलं आहे. म्हणजे गरज नसताना आपल्याला सीटी हवा आणि जीव टांगलेला असताना सीटी नको. पॅकेज म्हटलं की सीटी प्रेमाची भेट होतो आणि आजारात डॉक्टरने लिहून दिला की विष. यंत्र तेच, किरण तेच. फरक फक्त प्रश्नाचा. पहिल्या वेळी विचारायला प्रश्नच नव्हता, दुसऱ्या वेळी प्रश्न होता आणि उत्तरावर जीव अवलंबून होता.

मी ज्या पुणे विद्यापीठाच्या विभागात शिकले तो उभा करणारे हुजूरबाजार सर केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकून आले होते. त्या परंपरेचा एक साधा धडा आहे. पुरावा वाचताना आधीची शंका किती होती हे विसरू नका. शंका दाट असेल तेव्हा तपासणीत दिसलेली गोष्ट बहुधा खरी असते. शंकाच नसताना दिसलेली गोष्ट बहुधा फुसकी निघते, आणि तिच्यामागे धावण्यातच खरं नुकसान होतं. माझा तो ठिपका याचाच नमुना.

सगळ्यांना एकच माप नाही

म्हणून कुणी हा लेख वाचून 'ताप आला, सीटी काढा' असा अर्थ घेऊ नये. या आजारातसुद्धा इको पहिला, आणि सीटी त्याची जागा घेत नाही. बारीक पुंजके आणि पाकळीला पडलेलं भोक अन्ननलिकेतून केलेल्या इकोत अधिक चांगलं दिसतं. सीटीची ताकद झडपेच्या बाहेर काय पसरलं आहे ते दाखवण्यात. नैसर्गिक झडप, इकोत सगळं स्पष्ट, अँटिबायोटिकने ताप उतरतोय, ईसीजी स्थिर, तर हृदयाचा सीटी कशाला हे डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. रुग्ण इतका अत्यवस्थ असेल की हलवणंच धोक्याचं, तर तेही वजनात धरायला हवं.

आणि वयाचं माप वेगळं. माझ्या शहात्तरीच्या नवऱ्याला जो हिशोब लागू तो माझ्या नातीला नाही. युरोपातल्या नऊ देशांतल्या जवळपास दहा लाख मुलामुलींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सीटी झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एक ते दोघांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. आकडा लहान आहे, पण शून्य नाही. म्हणून मुलाच्या डोक्याला चेंडू लागला म्हणून 'एकदा सीटी काढून टाका ना' असा आग्रह धरणाऱ्या आईबापांनी जरा थांबावं. डॉक्टर नको म्हणत असतील तर त्यात कंजूषपणा नसतो, काळजी असते. गरोदर बाईचा विचार तर आणखी वेगळा, आणि तो तिच्या डॉक्टरांबरोबरच व्हायला हवा.

माझं मागणं

मंडळींनो, शेवटी चार गोष्टी मागते.

ज्यांच्या घरात कुणाला कृत्रिम झडप आहे, किंवा पूर्वी हा आजार होऊन गेला आहे, त्यांनी तसं लिहिलेलं कार्ड पाकिटात रेसिडेंट कार्डाच्या मागे ठेवावं. दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी ते दाखवावं. आणि दातांची निगा राखावी. एवढ्या मोठ्या आजाराचा उंबरठा पुष्कळदा हिरड्यांत असतो.

अशा माणसाला ताप आला तर घरातली अँटिबायोटिकची पट्टी उघडू नका. आधी रक्ताचं कल्चर, मग औषध. मी उघडली नसती तर कदाचित कल्चरमध्ये जंतू सापडला असता, औषध लवकर नेमकं मिळालं असतं आणि सगळा भार एका सीटीवर पडला नसता. हे माझं मला माफ करता आलेलं नाही, म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

तिसरं, कोणतीही मोठी तपासणी पुढे आली की चार प्रश्न विचारा. हिच्या उत्तराने पुढे काय बदलेल? ही न करता दुसऱ्या कशाने कळेल का? या माणसाच्या वयाला आणि किडनीला धोका किती? आणि थांबलो तर काय होईल? शेवटचा प्रश्न आपण नेहमी विसरतो, कारण काही न करणं हाही एक निर्णय आहे आणि त्यालाही धोका असतो, हे आपल्याला पटत नाही. उत्तरं मिळाली की फॅमिली ग्रुप बंद करा आणि पेशंटला विचारा. त्या दोन दिवसांत आम्ही सगळ्यांची मतं घेतली, ह्यांचं सोडून. शेवटी विचारलं तेव्हा हे म्हणाले, 'मी केव्हापासून तयार आहे, तुमचंच ठरत नव्हतं.'

आणि चौथं मागणं तरुणांकडे. आईबाबांना पॅकेज भेट देऊ नका. त्यांच्याबरोबर बसून त्यांच्या जुन्या फाइली उघडा, शस्त्रक्रिया, औषधं, ॲलर्जी आणि शेवटचं क्रिएटिनिन एका कागदावर उतरवा आणि फोनमध्ये ठेवा. एक रविवार लागेल. माझ्या मते यंदाच्या दिवाळीची याहून चांगली ओवाळणी नाही.

हे बरे आहेत. संध्याकाळी माझ्याबरोबर समुद्रावर येतात, अर्ध्या वाटेत बाकावर बसतात, पण येतात. नवी झडप जैविक आहे, ती वाजत नाही. घरी आल्यावर सुरुवातीच्या रात्री मी दोनतीनदा उठून ह्यांचा श्वास बघायचे. अजूनही कधीतरी उठते. एकदा ह्यांनी अंधारातच विचारलं, 'आता हिच्या उत्तराने तुझा कुठला निर्णय बदलणार आहे?' मी म्हटलं, 'काही नाही, झोपा.'

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.